इनोयत-ओपाचा हात जड झाला

उझबेकिस्तानातल्या कोकंद शहरात, अनारझोर मोहल्ल्यात डॉक्टरनं कुणाला इंजेक्शन लिहून दिलं, की तो माणूस औषधाच्या दुकानात जायच्या आधी इनोयत-ओपा घरी आहे का ते बघून यायचा. ती असली तर औषध घ्यायचं, नसली तर दुखणं उद्यावर ढकलायचं. कारण इनोयत-ओपाचा हात हलका. सुई गेली कधी आणि निघाली कधी, याचा पत्ता लागायचा नाही. ओपा म्हणजे थोरली बहीण. पण तिच्या बापाच्या वयाचे म्हातारेसुद्धा तिला ओपाच म्हणत. सुईपुढे सगळे धाकटेच.

ती जिल्ह्याच्या इस्पितळात नर्स होती, इंजेक्शनांच्या खोलीत. बाई अंगानं भरलेली, चालणं बदकासारखं, हसली की वरचे दोन सोन्याचे दात चमकायचे, आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू. आत आलेल्या माणसाला ती आधी बोलण्यात गुंतवायची.

"काय गं, काल तुमच्या गल्लीत कांद्याचा घमघमाट होता. सोमसे केले होतेस ना? मांस कुठलं घातलंस, मानेचं की बरगडीचं?"

"बरगडीचं, ओपा, पण चरबी जरा..."

"झालं. ऊठ. चरबी कमीच पडली असणार, बरगडी सुकी लागते."

ती बाई कंबर चोळत बाहेर पडायची ती सुईचा नाही, चरबीचा विचार करत.

इस्पितळातून सुटून इनोयत घरी यायची तेव्हा अंगणातल्या मोठ्या लाकडी बाजेवर मोहल्ला बसलेलाच असे. कुणाला कंबरेची सुई, कुणाला ताकदीची, कुणाला नुसतंच "रक्त पातळ झाल्यासारखं वाटतंय." नवरा हमदम शहरातली बस चालवायचा. अबोल माणूस, लावे पाळायचा नाद. या गर्दीपुढे आपले पिंजरे घेऊन तो सरकत सरकत कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत पोहोचला होता. लग्नात पुलाव खाताना कुणीतरी इनोयतच्या कानाशी लागे, "ओपा, जरा पडद्यामागे येता? औषध बरोबर आणलंय." एकदा तर मयताच्या घरी, रडणं ऐन भरात असताना, मयताच्या मेहुणीनं डोळे पुसत विचारलं होतं, "आलाच आहात तर माझंही टोचून टाकता का?"

आणि खरं सांगायचं तर इनोयतला हे सगळं आवडायचं. कुणाच्या घरात काय शिजतंय, कुणाची सून रुसलीय, कुणाची गाय गाभण आहे, हे तिला सुईच्या टोकावर कळायचं.

मग इस्पितळातली तिच्या जोडीची नर्स नवऱ्यापाठोपाठ मॉस्कोला गेली. दुसरी बाळंतपणाच्या रजेवर गेली ती तिकडेच रमली. एका रजेला दुसरी रजा जोडली जाऊ लागली. तिघींचं काम एकटीच्या गळ्यात आलं. खोलीबाहेरची रांग जिन्यापर्यंत गेली. रांग लांबली तसं इनोयतचं बोलणं आखूड झालं. आधी सोमशांची चौकशी गेली. मग "काय गं" गेलं. मग नावं गेली. शेवटी दोनच बोलणी उरली, "पालथे व्हा" आणि "पुढचा."

माणसांचे चेहरे तिच्या लक्षात राहीनासे झाले. बाजारात कुणी समोरून सलाम केला की ती गोंधळायची, तो पाठ फिरवून चालू लागला की मग ओळख पटायची, "अगं बाई, हा तर कादिर सुतार!" घरी खरबूज कापण्याआधी ती त्यावर स्पिरिटचा कापूस फिरवायची. एकदा हमदमनं चहाची वाटी घ्यायला हात पुढे केला, तर हिनं त्याची बाही वर सारली आणि शीर शोधायला लागली. तो बिचारा टोचते की चहा देते, याची वाट बघत बसला.

अन्नाला चव लागेना. पडलं की झोप नाही, उठलं की अंगावर कुणी ओल्या रजया टाकल्यासारखं. पण तिनं हे सगळं वयाच्या नावावर खपवलं.

नोरमत-बोबो नावाचा एक म्हातारा रोज संध्याकाळी इंजेक्शनाला यायचा. येताना कोटाच्या खिशात तिच्यासाठी वाळवलेली तुती आणायचा. तुतीला तंबाखूचा वास यायचा, तरी ती खायची. एका सकाळी सलोमत-खोला दारात आली. खोला म्हणजे मावशी; ही सगळ्या गल्लीची मावशी. म्हणाली, "नोरमत-बोबो गेले गं. झोपेतच."

आणि इनोयतच्या मनात पहिला विचार आला तो असा, की चला, संध्याकाळचं एक कमी झालं.

ती मयताला गेली, रीतीप्रमाणे मोठ्यानं रडली. पण ते रडणं शेजारच्या घरातून येत असल्यासारखं तिच्या कानांवर येत होतं. परतल्यावर ती हमदमला म्हणाली, "अहो, मला काहीतरी झालंय. माझ्या आतलं माणूस उठून निघून गेलंय."

हमदमनं पिंजऱ्यांकडे बघितलं. "लाव्याचं असं होतं कधीकधी," तो म्हणाला. "खातो, पितो, पण बोलत नाही."

"मग काय करतात?"

"पिंजऱ्यावर फडकं टाकतात. येणाऱ्या-जाणाऱ्यानं डोकावू नये म्हणून. काही दिवसांनी बोलतो."

एवढं बोलून तो दमला आणि दाणे घालायला गेला.

इनोयतनं मोठे डॉक्टर झोकिरजोन यांच्याकडे रजा मागितली. डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "ओपा! तुम्ही गेलात तर या इस्पितळाच्या भिंती खाली येतील. नवरोज होऊ द्या, मग बघू."

नवरोज होऊन नुकताच आठवडा झाला होता.

म्हणजे इस्पितळातून सुटका नाही. राहता राहिला मोहल्ला. पण मोहल्ल्याला "नाही" म्हणायचं कसं? अनारझोरमध्ये शेजाऱ्याला नाही म्हणण्यापेक्षा त्याची गाय चोरलेली बरी. गाय निदान परत करता येते. दोन दिवस इनोयत हाच विचार करत होती. तिसऱ्या दिवशी ती नान आणायला सलोमत-खोलाच्या तंदुरावर गेली. खोलाच्या तंदुरातून निघालेली नान आणि तोंडातून निघालेली बातमी, दोन्ही दुपारच्या आत घरोघर पोहोचत, आणि पोहोचेपर्यंत गरमच असत. इनोयत उजवा हात डाव्या हातात धरून गप्प उभी राहिली.

"हाताला काय झालं गं?" खोलानं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही तर मेलेल्या कोंबडीसारखा का धरलायस?"

"खोला, तुम्हाला म्हणून सांगते. माझा हात जड झालाय."

खोलाच्या हातातली नान निखाऱ्यांत पडली. "जड? हलकेपणा गेला?"

"गेला. कुणाला सांगू नका हं."

"मी कशाला सांगू? माझं पोट म्हणजे विहीर."

त्या विहिरीवर संध्याकाळपर्यंत सगळा मोहल्ला पाणी भरून गेला.

त्या संध्याकाळी बाजेवर एकटे ममरसूल-ओता आले. ओता म्हणजे बाप; हे मोहल्ल्याचे प्रमुख. भांडणं मिटवणारे, लग्नं जुळवणारे, धिप्पाड, दाढी छातीपर्यंत. त्यांच्या पाठीच्या दुखण्याची इंजेक्शनं अर्ध्यावर होती. बातमी त्यांच्याही कानी गेली होती, पण प्रमुखानं सुईला भिऊन कसं चालेल? ते पालथे झाले आणि उशीचं टोक दातांत धरलं. कुंपणाच्या भिंतीवरून चार-पाच डोकी वर आली. इनोयतनं स्पिरिटचा गार कापूस टेकवला मात्र...

"आई गं! मेलो!"

लाव्यांनी पिंजऱ्यात फडफडाट केला. कोंबड्या खुराड्यात पळाल्या.

"ओता, अहो, अजून सुई..."

"बोलू नकोस! झालं का?"

"सुई अजून कागदातून काढलीच नाही."

पण हे भिंतीवरच्या डोक्यांना ऐकू गेलं नाही. आरोळी मात्र कालव्यापलीकडे गेली. ओता पायजमा सावरत उठले, "उरलेलं पुढं बघू" म्हणाले आणि इतक्या वेगानं फाटकाबाहेर पडले, की पाठीचं दुखणं कुठं गेलं कळेना.

दुसऱ्या संध्याकाळी बाज रिकामी होती.

इनोयत बाजेवर बसली. उठली. फाटकापर्यंत गेली, गल्लीत डोकावली, परत आली.

"अहो, लोक संध्याकाळी करतात तरी काय?"

"बसतात," हमदम म्हणाला.

"आणि?"

"उठतात."

ती बसली आणि बसल्या जागी कलंडली. जागी झाली ती सकाळी दूधवालीच्या हाकेनं. अंगावर दोन रजया होत्या आणि फाटकाला आतून अडसर घातलेला होता. हमदमनं संसारात पहिल्यांदाच कुणाला न विचारता काहीतरी केलं होतं.

मग तिला या रिकामपणाची गोडी लागली. सुट्टीच्या दिवशी ती हमामात गेली आणि तापल्या दगडावर इतका वेळ पडून राहिली, की तिथल्या बाईनं शेवटी बादलीभर गार पाणी ओतलं. "जिवंत आहेस का गं?"

"बघतेय," इनोयत म्हणाली.

एके दिवशी तिनं माळ्यावरून दोइरा काढला. आपल्या डफासारखं वाद्य, आत लोखंडी कड्या. लग्नाआधी ती मोहल्ल्यातल्या प्रत्येक लग्नात हा वाजवायची. कातडं सैल पडलं होतं. तिनं ते चुलीपाशी शेकून ताणलं आणि एक थाप मारली. कड्या खुळखुळल्या. दुसरी मारली. मग थांबेचना. गल्लीतल्या बायका दारात येऊन ऐकत राहिल्या. "ऐकलंस? केवढा जड झालाय हात! तीन गल्ल्या ऐकू जातोय. अरेरे, काय होता आणि काय झाला."

मोहल्ल्याचे मात्र हाल सुरू झाले. इस्पितळातल्या रांगेत उभं राहायला कुणी तयार नव्हतं, आणि तिथं तरी सुई मारणारा हात तोच की! म्हणून लोक गफूरकडे जाऊ लागले. गफूर जनावरांचा डॉक्टर. माणूस भला, पण हात घोड्या-गायींवर बसलेला. ममरसूल-ओता उरलेली इंजेक्शनं घ्यायला त्याच्याकडे गेले. गफूरनं सवयीनं त्यांच्या पाठीवर दोन थापा मारल्या, "हो हो हो, हलू नको, शहाणी माझी ती!" म्हणाला, आणि टोचून झाल्यावर त्यांच्या तोंडापुढे साखरेचा खडा धरला. ओतांनी तो खाल्ला. पुढे ते सांगत, की रागाच्या भरात खाल्ला.

त्यानंतर चहाखान्यात बैठक बसली आणि ठरलं, की इनोयत-ओपाचा हात हा काही तिच्या एकटीचा नाही, मोहल्ल्याचा आहे, आणि तो दुरुस्त झालाच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी बायकांची फौज अंगणात आली. पुढे सलोमत-खोला, हातात धुरणारी हरमलच्या झुडपाची जुडी. "नजर लागलीय. मी तेव्हाच ओळखलं." तिनं इतकी धुरी केली, की हमदम घराला आग लागली समजून पाण्याची बादली घेऊन धावत आला. कुणी मनगटाला निळा मणी बांधला. कुणी मेंढीच्या शेपटीची चरबी चोळायला घेतली. कुणाच्या आजीनं सांगितलं होतं, की जड हात गरम कोंड्यात ठेवला तर जडपणा कोंडा पितो. म्हणून उजवा हात गरम कोंड्याच्या परातीत पुरला. वर शोरव्याचा वाडगा आला.

"ठेवा तिथं, घेईन मी," इनोयत अवघडून म्हणाली.

"कशी घेशील? हात कोंड्यात आहे ना? आ कर."

"अगं, डावा हात आहे की..."

"आ कर म्हटलं ना!"

तिनं तोंड उघडलं. सलोमत-खोलानं चमच्यानं शोरवा भरवला, हनुवटीवर ओघळलेला थेंब पदरानं पुसला. आई गेल्यापासून तिच्या तोंडात कुणी घास घातला नव्हता. दुसरा चमचा घेता घेता इनोयतला हुंदका फुटला, आणि मग ती अशी रडली, की कोंड्याची परात हलायला लागली. नोरमत-बोबो गेल्याचं रडणं ते, उशिरानं आलेलं. पण बायकांना काय ठाऊक? त्या एकमेकींना खुणावत म्हणाल्या, "रडतेय. म्हणजे उतरतंय."

हे उपचार रोज होऊ लागले. चरबी चोळता चोळता इनोयत तिथंच घोरायला लागायची. गालांवर जरा रंग आला. पण रंगाबरोबर लाजही आली. या साऱ्याजणी माझ्या खोट्यावर स्वतःचं तूप ओततायत, हे तिला खुपायला लागलं. खरं सांगावं तर सलोमत-खोलाला तोंड कसं दाखवायचं?

अशात एका दुपारी होजर-बुवी आली. मोहल्ल्यातली सगळ्यात म्हातारी बाई, काठी टेकत, धापा टाकत. बाजेवर बसली, पिशवीतून औषध काढून पुढे ठेवलं.

"टोच."

"बुवी, माझा हात जड झालाय."

"ऐकलं. टोच."

"दुखेल हो."

"तुझा हात हलका होता कधी?" बुवी म्हणाली. "पहिल्यांदा टोचलंस तेव्हा गांधीलमाशी डसल्यासारखं झालं होतं मला."

"मग इतकी वर्षं माझ्याकडेच का येत होतात?"

"तू माझ्या शेळीची चौकशी करायचीस म्हणून. मी शेळीचं सांगायला लागायची, तेवढ्यात तू टोचून मोकळी. माझ्या घरात शेळीचं विचारतंय कोण? मुलगा टीव्ही बघतो, सून फोन बघते. गेल्या पानगळीपासून तूही विचारलं नाहीस. तेव्हापासून दुखतंय."

इनोयत तिच्याशेजारी बसली. म्हणाली, "कशी आहे शेळी?"

"हिवाळ्यात कापली. चांगली निघाली, भरपूर चरबी होती."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं आणि बुवीचं बोळकं आणि इनोयतचे सोन्याचे दात एकदमच हसायला लागले. हसता हसता इनोयतनं औषध भरलं, नव्या शेळीची चौकशी केली, ती गाभण आहे की दुभती, शिंगं कशी आहेत. नवीन शेळी मोठी द्वाड होती. सांगण्यासारखं पुष्कळ होतं.

"दुखलं?"

"जरासं. पण चालेल." बुवी काठी घेऊन उठली. "आणि तुझं ते हाताचं सोंग पुरे आता. मी काही सलोमत नाही. थकलीस तर थकले म्हणून सांगायचं."

"सांगितलं असतं तर कुणी ऐकलं असतं?"

बुवी फाटकाकडे वळली. "नसतं," ती म्हणाली. "म्हणून तर मी कुणाकडे बोलले नाही."

बुवी गेल्यावर इनोयत बराच वेळ बाजेवर बसून होती. सुई मारायचा तिला कंटाळा नव्हता आला. एका शेळीची चौकशी करणं तिला आवडायचं. अख्ख्या गल्लीच्या शेळ्या, गायी, सुना, सासवा एका दमात विचारणं कुणाच्यानं होणार? चौकशी आटली आणि नुसती सुई उरली, तिथंच इनोयत सुकली. म्हणजे माणसं थोडी हवीत. पण उरलेल्यांना सोडायचं कुणावर? गफूरवर?

आणि तिला उपाय सुचला. कोकंदमध्ये न्हावी असो, कुंभार असो, नानवाली असो, उस्ताद शिष्याच्या तळहातावर तळहात ठेवतो, आशीर्वाद देतो, आणि त्याचा हात शिष्याला मिळतो. सलोमत-खोलाला तिचा हात सासूकडून असाच मिळाला होता.

ती तडक तंदुरावर गेली. "खोला, तुम्ही केलेल्या उपचारांनी हात परत येतोय."

"मी म्हटलं नव्हतं! कोंड्यानं की चरबीनं?"

"शोरव्यानं," इनोयत म्हणाली, आणि ते खोटं नव्हतं. "पण आता तो एकटीजवळ ठेवला तर टिकणार नाही. वाटून द्यायला हवा. प्रत्येक गल्लीतून एकेक माणूस पाठवा, मी शिकवते. मी सुई धरीन ती आठवड्यातून एकच संध्याकाळ. तुम्हाला म्हणून सांगते, कुणाला..."

"सांगणार नाही," म्हणत खोला हात झटकून निघालीसुद्धा.

असा अंगणात वर्ग भरला. बहुतेक सुना, ममरसूल-ओतांची धाकटी सून नफोसत, जिचे हात बघूनच रोग्याला कापरं भरावं, शिवाय सोलीजोन न्हावी. आणि शेवटच्या रांगेत, टोपी हातात धरून, गफूर.

"तू कशाला आलास? तुला तर येतं," इनोयत म्हणाली.

"टोचता येतं, ओपा. लोक नंतर माझ्याकडे बघून हंबरतात. त्याचं काहीतरी करा."

सराव वांग्यांवर होई. स्वच्छता, नवी सुई, कुठं टोचायचं आणि कुठं मुळीच नाही, हे ती घोकून घ्यायची. डॉक्टरचा कागद नसेल तर सुईला हात लावायचा नाही. नुसतं ताकदीचं म्हणून कुणालाही काही टोचायचं नाही. आणि सलाइन घरी चढवायचंच नाही. शेवटचा धडा असा, की टोचण्याआधी माणसाला काहीतरी विचारायचं, दुखणं सोडून. नफोसतची पाळी आली. तिनं थरथरत्या हातात सुई धरली, खूप वेळ विचार केला आणि लाजत लाजत वांग्याला विचारलं, "घरची मंडळी कशी आहेत?"

इनोयत इतकी हसली, की बाजेवरून पडता पडता वाचली. तेवढ्यात तिच्या ध्यानात आलं, की आज इस्पितळातून येताना आपण पाय ओढत नाही, भराभर चालत आलो होतो.

हमदमनं एकच तक्रार केली. "रोज वांग्याचीच भाजी, आणि तिलाही इस्पितळाचा वास." सराव झालेली वांगी कोंबड्यांपुढे टाकायची असं मग ठरलं.

कागदाच्या नियमानं अर्धी इंजेक्शनं आपोआप बंद झाली. पहिला दणका सलोमत-खोलाला.

"माझी ताकदीची सुई?"

"डॉक्टरचा कागद?"

"कागद कशाला? मला मीच सांगते की."

"मग तुम्हीच टोचा."

खोला आठवडाभर रुसली, आणि ताकदीशिवायच पूर्वीइतक्या नान भाजत राहिली.

दरम्यान इनोयत पुन्हा मोठ्या डॉक्टरांपुढे उभी राहिली. "रजा मागायला आले नाही. सांगायला आले. उद्यापासून मी नाही. आल्यावर मला जोडीला माणूस हवंय, नाहीतर मी गफूरकडे कामाला लागते."

"ओपा, भिंती..."

"टेकू लावा."

ती अंदिजानला लेकीकडे गेली. झोपली, नातीच्या वेण्या घातल्या, दोनदा गल्लीतल्या लग्नात दोइरा वाजवून आली. तिसऱ्या दिवशी न राहवून तिनं इस्पितळात फोन केला. "भिंती कशा आहेत?"

"कुठल्या भिंती, ओपा?"

"सगळ्या. उभ्या आहेत ना?"

"आहेत की. का?"

फोन ठेवून ती जरा वेळ हिरमुसली. इतक्या वर्षांत निदान एखादा पोपडा तरी पडायचा! मग लेकीनं जर्दाळूचं ताट पुढं ठेवलं आणि तिला वाटलं, नाही पडला ते बरंच झालं.

ती परत आल्यावर आशीर्वादाचा सोहळा झाला. कढईत पुलाव शिजला, ममरसूल-ओता मधोमध बसले. इनोयतनं एकेकाच्या तळहातावर आपला तळहात ठेवला, वडीलधाऱ्यांनी हात उचलून दुआ मागितली, आणि मोहल्ल्यानं इनोयतच्या खांद्यावर रेशमी झगा घातला. गफूरचा पंजा एवढा मोठा, की तिचा हात त्यात दिसेनासा झाला. लगेच ओतांनी डॉक्टरचा कागद उंच धरून सगळ्यांसमोर जाहीर केलं, की पहिली परीक्षा आपल्यावर व्हावी. पडद्यामागे ते पालथे झाले. पडद्याअलीकडे मोहल्ला कान लावून.

"ओता," आतून गफूरचा आवाज आला, "तुम्ही पहिल्यांदा मुलगी बघायला गेलात तेव्हा काय झालं होतं?"

"काय झालं होतं? अरे, मी चुकून शेजारच्या घरात शिरलो! तिथं बसलेली म्हातारी..."

"झालं, ओता. उठा."

"थांब, गोष्ट अर्धी आहे!" ओता तसेच पडून सांगत राहिले, आणि पुलाव गार होईपर्यंत कुणाला उठता आलं नाही.

आता अनारझोरमध्ये बायका नफोसतकडे जातात, पुरुष गफूरकडे नाहीतर न्हाव्याकडे. नफोसतचे हात अजून कापतात, पण सुई धरली की थांबतात. पुढच्या वर्षी ती नर्सिंगच्या शाळेत जाणार म्हणते, आणि ओतांनी "बघू" म्हटलंय, म्हणजे हो. इस्पितळात इनोयतला जोडीला एक तरुण नर्स मिळाली. दोघी दर रोग्याला एक प्रश्न विचारतात, त्यामुळे रांग जरा सावकाश सरकते. परवा मोठे डॉक्टर दारात येऊन म्हणाले, "ओपा, ही इंजेक्शनांची खोली आहे की चहाखाना?"

"तुमच्या मेहुण्याचं दुकान कसं चाललंय?" इनोयतनं विचारलं. डॉक्टर पाच मिनिटं बोलले आणि कशाला आलो होतो ते विसरून गेले.

अजूनही एखादी संध्याकाळ अशी येते, की ती घरी येते आणि तिला कुणाचा चेहरा आठवत नाही. त्या दिवशी फाटकाला अडसर पडतो, आणि मोहल्ल्याला आता तो कळतो.

गेल्या आठवड्यात हमदमची कंबर धरली. डॉक्टरनं कागदावर इंजेक्शन लिहून दिलं. तो घरी येऊन हक्कानं बाजेवर पालथा झाला.

"आज माझी संध्याकाळ नाही," इनोयत दोइऱ्याचं कातडं शेकत म्हणाली. "गफूरकडे जा."

"मी नवरा आहे तुझा."

"म्हणून तर सांगतेय. नवरा म्हणून तुम्हाला रांग मोडू दिली, तर उद्या सगळा मोहल्ला माझा दीर होईल."

हमदम कण्हत कण्हत गेला आणि घटकाभरानं ताठ चालत आला.

"दुखलं?"

"थोडं."

"काय विचारलं गफूरनं?"

"लग्न करून पस्तावलात का म्हणून."

इनोयतचा हात थांबला. "मग? काय सांगितलंत?"

"काय सांगणार?" हमदम लाव्यांना दाणे घालत म्हणाला. "मी तोंड उघडेपर्यंत टोचून झालं होतं."